झहीरचा चेंडू कुठे ठेवायचा?

२ एप्रिल २०११च्या फायनलमधलं काय आठवतं, असं कुणालाही विचारा. धोनीचा सिक्स. मग गंभीरचे ९७. मग सचिनला खांद्यावर घेऊन मारलेली चक्कर. झहीर खानची पहिली पाच षटकं कुणी सांगत नाही. आमच्या नगर जिल्ह्यातही नाही, आणि झहीर तर श्रीरामपूरचा.

त्या पाच षटकांचा हिशेब असा: पाच षटकं, ३ निर्धाव, ६ धावा, १ विकेट. पहिली तिन्ही षटकं कोरी गेली. चौथ्याच्या पहिल्या चेंडूवर उपुल थरंगा स्लिपमध्ये सेहवागच्या हातात सापडला. २० चेंडू खेळून त्याच्या २ धावा झाल्या होत्या. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पहिल्या अर्ध्या तासात काहीच घडू न देणं, हे त्या दिवशीचं पहिलं मोठं काम होतं. पण 'काहीच न घडणं' आपण जपून कुठे ठेवणार?

सिक्सची मात्र चोख सोय झाली. ज्या बॅटने तो मारला ती त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या एका चॅरिटी लिलावात १ लाख पाउंडांना गेली. चेंडू स्टँडमध्ये जिथे पडला, तिथल्या खुर्च्यांचं स्मारक करायचं मुंबई क्रिकेट असोसिएशनने २०२३मध्ये ठरवलं. म्हणजे बॅट जपली, चेंडू पडला ती जागाही जपली. पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांचं क्रिकेट म्युझियम आहे, २०१२मध्ये सचिनच्या हस्ते सुरू झालेलं. त्याचं नाव 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी'. ब्लेड म्हणजे बॅटचं पातं. नावातच निकाल लागलेला आहे.

यात संग्राहकांना दोष द्यायचा नाहीये. मी स्वतः शाळेत असताना 'टॉप्स'ची क्रिकेट कार्डं जमवायचो आणि दोन झहीर देऊन एक धोनी घेतला होता. सौदा फायद्याचा झाला म्हणून आठवडाभर खूश होतो. मला प्रश्न पडतो तो वेगळा: आपण हा खेळ कसा वाचतो? कारण आपण जे जपतो, तेच पुढे आपल्याला दिसतं.

'टॉप्स' ही मुळात बेसबॉल कार्डांची अमेरिकन कंपनी. तिचं १९५२चं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. मँटल बॅटर होता, म्हणजे महागडी कार्डं तिकडेही बॅटवाल्यांचीच. पण बेसबॉलने एक गोष्ट केली जी आपण केली नाही. पिचरने समोरच्या संघाच्या सलग २७ जणांना बाद केलं आणि एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही, तर त्या सामन्याला त्यांच्याकडे नाव आहे: 'परफेक्ट गेम'. काहीच न घडण्याला दिलेलं हे नाव. १९५६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या डॉन लार्सनने असा सामना टाकला. लार्सनची बाकी कारकीर्द साधारणच: ८१ सामने जिंकले, ९१ हरले. पण कॅचर योगी बेरा उडी मारून त्याच्या अंगावर झेपावतो, तो फोटो अमेरिकेत अजूनही ओळखला जातो. लार्सनचा त्या दिवशीचा गणवेश २०१२च्या लिलावात ७ लाख ५६ हजार डॉलरला गेला. नातवंडांच्या शिक्षणासाठी त्यानेच तो विकायला काढला होता.

आपल्याकडे मेडन षटकाला शब्द आहे, स्कोअरकार्डात रकाना आहे, पण त्याभोवती गोष्ट नाही. गोलंदाजाची गोष्ट सांगायला आपल्याकडे एकच प्रथा आहे: पाच बळी घेतले की चेंडू वर करून प्रेक्षकांना दाखवायचा आणि घरी न्यायचा. आता २०११चा झहीर बघा. नऊ सामन्यांत २१ बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक. नऊच्या नऊ सामन्यांत त्याला विकेट मिळाली. आणि एकाही सामन्यात तीनपेक्षा जास्त नाही! म्हणजे अख्ख्या वर्ल्ड कपमध्ये त्याला चेंडू वर करायची वेळच आली नाही. स्पर्धेतला भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज, आणि प्रथेप्रमाणे घरी न्यायला एकही चेंडू नाही.

दुसरी अडचण खुद्द चेंडूची आहे. बेसबॉलमध्ये चेंडू जरा मळला की बदलतात. एका सामन्यात डझनावारी वापरले जातात. २००१पासून मेजर लीगने वस्तू प्रमाणित करायची पद्धत सुरू केली. मैदानावरचा माणूस चेंडूवर होलोग्राम चिकटवतो आणि तो कोणी कोणाला टाकला याची नोंद होते. त्यामुळे एखादा चेंडू खरोखर एका पिचरचा असू शकतो. क्रिकेटचा चेंडू असा कुणा एकाचा नसतो. नवा असताना झहीर आणि श्रीशांतने त्याची शिवण वापरली, मग इतरांनी त्याची एक बाजू पँटवर घासली, दुसरी खरबरीत होऊ दिली, फिरकीवाल्यांनी त्यावर बोटं ओढली. बॅट ही एका माणसाची सही असते. चेंडू म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेली वही. संग्राहकाला सही हवी असते. सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या वहीचं काय करायचं हे त्याला कळत नाही.

मग झहीरचं असं काय दाखवता येईल, जे फक्त त्याचंच? माझं उत्तर: त्याची पकड. त्या वर्ल्ड कपसाठी त्याने नकल बॉल तयार केला होता. ही कल्पना बेसबॉलची. पिचर चेंडू बोटांच्या टोकांवर किंवा सांध्यांवर धरतो, सुटताना तो जवळजवळ फिरतच नाही, आणि न फिरल्यामुळे हवेत डुगडुगत जातो. क्रिकेटमध्ये खरी फसवणूक वेगाची होते. हात नेहमीच्याच जोरात येतो, मनगटही तेच, पण चेंडू उशिरा पोचतो. २० मार्चला चेन्नईत वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ ८१वर छान जमलेला असताना झहीरने त्याचा त्रिफळा अशाच हळू चेंडूवर उडवला. वेस्ट इंडिज २ बाद १५४वरून सर्वबाद १८८. चार दिवसांनी अहमदाबादच्या क्वार्टर फायनलमध्ये मायकल हसीला ३ धावांवर त्रिफळाचीत केलं. त्याआधी बेंगळुरूला इंग्लंड २ बाद २८१ अशा अवस्थेत ३३९च्या दिशेने आरामात निघालेलं असताना लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्याने इयन बेल आणि १५८वरचा अँड्र्यू स्ट्रॉस काढला. सामना टाय झाला.

या विकेट्स सुट्या सुट्या बघितल्या तर साध्या वाटतात. स्टंप उडून लांब जात नाही, फलंदाज जमिनीवर लोळत नाही. झहीरची कला आधीच्या चेंडूंत असते, आणि हायलाइट्स नेमके तेच कापतात. विकेटचा चेंडू म्हणजे विनोदाची शेवटची ओळ. फक्त तीच ऐकून हसू कसं येणार?

झहीरला देव करायचा मोह मलाही होतो, म्हणून दोन आकडे समोर ठेवतो. त्याच फायनलमध्ये त्याचे शेवटचे आकडे १०-३-६०-२ आहेत. म्हणजे पुढच्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या, आणि डावाच्या शेवटच्या चेंडूवर थिसारा परेराने त्याला सिक्स मारला. आणि २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग: वर्ल्ड कप फायनलचं पहिलंच षटक, झहीरच्या हातात चेंडू, १५ धावा. पुढे ७ षटकांत ६७. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. आठ वर्षांनी तोच माणूस पुन्हा फायनलचं पहिलं षटक टाकायला उभा राहिला आणि ते निर्धाव गेलं. २००३चं षटक माहीत नसेल तर २०११चं षटक म्हणजे नुसते सहा डॉट बॉल. माहीत असेल तर त्यातला प्रत्येक डॉट ही एकेक दुरुस्ती आहे. समीक्षकाचं काम एवढंच, की ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवायची. कुठल्याच लिलावात त्यांचा जोड मिळत नाही.

हे मला इतकं का लागतं, याचं एक कारण जिल्ह्याचंही आहे. झहीर श्रीरामपूरच्या शाळांमध्ये शिकला आणि लोणीच्या प्रवरा इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला गेला. सतराव्या वर्षी ते सोडून वडिलांबरोबर मुंबईला आला, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांकडे खेळला, मग चेन्नईचं एमआरएफ फाउंडेशन, मग बडोद्याकडून रणजी. शेवटी कसोटीत ३११ आणि वनडेत २८२ बळी. आमच्या पट्ट्यात इंजिनिअरिंगची सीट सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळणार नाही. मी ती सोडली नाही. आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, महिन्यातून एक आठवडा रात्री सर्व्हर सांभाळतो. त्या आठवड्यात काहीच बिघडलं नाही तर सकाळी कुणी विचारत नाही. बिघडलं आणि मग मी सावरलं, तर शाबासकी मिळते. तेव्हापासून निर्धाव षटक म्हणजे काय हे मला जरा जास्त समजतं.

परवा मामाच्या पोराला मोबाइलवर ती पाच षटकं दाखवायला बसलो. तो बारा वर्षांचा आहे, रील्सवर वाढलेला. दुसऱ्या षटकात त्याने विचारलं, "दादा, सिक्स कधी येणार?" म्हटलं, येणार नाही. तो उठून जाईल असं वाटलं होतं. पण तिसऱ्या षटकात तो थरंगाच्या पायांकडे बघायला लागला. म्हणाला, "हा पुढे येतच नाहीये. घाबरलाय का?" चौथ्याच्या पहिल्या चेंडूवर थरंगाच्या बॅटची कड लागली, तेव्हा सेहवागने कॅच घ्यायच्या आधीच हा ओरडला, "गेला!"

झहीरचं कार्ड आज माझ्याकडे नाही. पण त्या "गेला!"नंतर ते परत मिळवायची घाई राहिली नाही.