गोरेपणाची गोष्ट

जाहिरात हा आजचा सर्वांत अधिक वाचला जाणारा कथाप्रकार आहे. पण आमच्या टीकाकारांनी त्याची दखल घेतलेली नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने वर्षानुवर्षे सांगितलेली कथा पाहा. सावळी मुलगी खिन्न बसलेली असते, मलम हाती येते, मुलगी उजळते आणि नोकरी वा नवरा आपल्या पायांनी चालत येतो. नायिकेच्या विचारांत किंवा कर्तृत्वात तसूभर फरक पडत नाही. घडते ते सारे कातडीवर. नवशिक्या लेखकाने असे कथानक आणून दिले, तर कोणताही संपादक ते साभार परत करील. २०२० साली नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. परंतु शीर्षक बदलल्याने जुनी कथा वाचकाच्या मनातून पुसली जात नाही.

मी शृंगाराच्या विरुद्ध मुळीच नाही. बालगंधर्वांची रंगभूषा हे मराठी रंगभूमीचे वैभव होते. पण तो रंग भूमिकेचा असे. नाटक संपले, की नट तो पुसून आपल्या चेहऱ्याकडे परत येई. जाहिरातीतल्या मुलीला ही सोय नाही. तिला सांगितले जाते, की तुझा मूळ चेहरा हाच मुळी दोष आहे.

या कथेची किंमत कातडी मोजते. जाड, तेलकट प्रसाधनांनी रंध्रे बुजून पुटकुळ्या येतात. क्लिगमन आणि मिल्स या त्वचातज्ज्ञांनी १९७२ मध्ये या विकाराला ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ असे नाव दिले. पुटकुळी झाकायला पुन्हा थर चढतो आणि थराखाली पुन्हा पुटकुळी उठते. डॉक्टरांना न विचारता चोपडलेले स्टिरॉइडचे मलम आधी उजळपणा देते, मग कातडी पातळ करते. ते सोडावे तर चेहरा लाल होऊन जळजळतो. गोरे करणाऱ्या काही मलमांत पारा सापडला आहे. तो त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, पण शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. आपल्या साध्या टिकलीच्या चिकटद्रव्यातील रसायनानेही काहींच्या कपाळावर पांढरा डाग उमटतो.

कातडीवरचे निदान डॉक्टर करतील. मनावरचे मला वहीत दिसते. मी शाळेत मराठी शिकवते. ‘माझी मैत्रीण’ या निबंधात ‘ती सावळी आहे, पण हुशार आहे’ हे वाक्य हमखास येते. व्याकरणात या ‘पण’ला न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात. न्यूनत्वबोधक! कमीपणा दाखवणारे! गोरेपणाच्या जाहिरातीचे सारे वाङ्मय या दोन अक्षरांवर उभे आहे. वाक्य व्याकरणाने निर्दोष असते, म्हणून त्याचे गुण मी कापीत नाही. मात्र त्या ‘पण’खाली लाल रेघ ओढते आणि समासात ‘आणि’ लिहून ठेवते.