हरलेल्या डावाचा रसिक

कुस्तीतही डाव आणि बुद्धिबळातही डाव. मराठीने या दोन्ही खेळांना एकच शब्द दिला आहे, आणि तो उगाच दिलेला नाही. शिरूर तालुक्यातल्या एखाद्या गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाभोवती बसलेला म्हातारा प्रेक्षक पाहावा. कुस्ती निकाली झाली, हलगी कडाडली, की पोरे जिंकलेल्या मल्लाला खांद्यावर घ्यायला धावतात. म्हातारा जागचा हलत नाही. तो शेजाऱ्याला सांगत असतो, "पट काढायला वाकला, तिथंच गेला गडी." हरणारा कोठे हरला हे त्याने पाहिलेले असते, म्हणूनच जिंकणारा कशाने जिंकला हेही त्याला कळते. असा प्रेक्षक आपल्याकडे बुद्धिबळाला लाभला आहे काय?

हा प्रश्न मनात येतो तो विश्वनाथन आनंदच्या पराभवामुळे. २००७ साली मेक्सिको सिटीत मिळवलेले जगज्जेतेपद त्याने पुढे क्रामनिक, टोपालोव्ह आणि गेलफंड या तिघांविरुद्ध राखले. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच्याच चेन्नईत नॉर्वेचा बावीस वर्षांचा मॅग्नस कार्लसन त्याच्यासमोर बसला. बारा डावांचा सामना दहाव्या डावातच संपला आणि साडेसहा विरुद्ध साडेतीन गुणांनी आनंदचे पद गेले. पाचवा, सहावा आणि नववा हे डाव तो हरला. जिंकला एकही नाही.

सहावा डाव गेला तो दिवस १६ नोव्हेंबरचा. महाराष्ट्राला तो दिवस पक्का आठवतो, पण आनंदमुळे नव्हे. त्याच दिवशी वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकरने निरोप घेतला आणि घरोघर डोळे पुसले गेले. यात वावगे काही नाही. परंतु निरोपाच्या वेळचे रडणे सोपे असते. सगळे वैभव मागे उभे असते आणि त्याच्यापुढे मान लववली की झाले. पराभव पाहणे त्याहून कठीण, कारण तेथे आपल्या लाडक्या माणसाची चूक डोळे उघडे ठेवून पाहावी लागते.

ते कठीण काम टाळण्याच्या दोन तऱ्हा त्या वेळी दिसल्या. काही चाहते आनंदचे वकील झाले. त्याचे वय झाले, घरच्या प्रेक्षकांचे दडपण आले, समोरचा माणूस नव्हे यंत्रच, असा त्यांचा युक्तिवाद. दुसरे हिशेबनीस झाले. त्यांनी गुण मोजले, वय मोजले आणि आता याने थांबावे असा निकाल देऊन वही मिटली. एकात माया अधिक, दुसऱ्यात रोखठोकपणा अधिक. पण पट कोणीच मांडला नाही. नाटक पाडावे की उचलून धरावे याचा वाद घालावा आणि नाटक मात्र पाहू नये, तसा हा प्रकार झाला.

२१ नोव्हेंबरचा नववा डाव पाहण्यासारखा होता. आनंद दोन गुणांनी मागे, हातात पांढरी मोहरी. सांभाळून खेळण्यात आता अर्थ नव्हता, म्हणून त्याने काळ्या राजावर सरळ चाल केली; प्यादी पुढे लोटली, वजीर राजाच्या दाराशी नेला. कार्लसनने ती चढाई येऊ दिली आणि पटाच्या दुसऱ्या अंगाला आपले एक प्यादे चालवीत ठेवले. सत्ताविसाव्या खेळीला आनंदचा हत्ती निघाला. तो वजिराच्या पाठीशी पोहोचला की मात. इतक्यात ते काळे प्यादे पलीकडच्या घरात जाऊन वजीर झाले आणि त्याने शह दिला. राजाच्या आड उंट घालावा की घोडा? आनंदने घोडा घातला. पण हाच घोडा आपल्या जागी उभा राहून एक तिरकी वाट अडवून होता. तो हलला, वाट मोकळी झाली. नवा वजीर एका पावलात त्या वाटेवर आला आणि हत्तीला जेथे जावयाचे होते ते घर त्याच्या माऱ्यात गेले. आनंदने तेथेच डाव सोडला. उंट आड घातला असता तर लढत चालू राहिली असती, आणि बरोबरी आवाक्यात होती.

हे पाहिल्यावर वकिलाची आणि हिशेबनिसाची, दोघांचीही भाषा तोकडी पडते. वय झालेला, दबलेला माणूस असा डाव मांडत नाही. आनंदचे धाडस रास्त होते. चूक झाली ती राजाच्या आड कोणते मोहरे घालावे एवढ्यापुरती. आणि कार्लसनला यंत्र म्हणणाराही फसतो. डोक्यावर मात लोंबकळत असताना एका प्याद्यावर भिस्त ठेवून बसायला काळीज लागते. आपल्या जुन्या देशी खेळात प्याद्याने केलेली मात मानाची समजत. त्या ओटीवरच्या खेळाडूंनी या प्याद्याला खचित दाद दिली असती.

हिशेबनिसांनी वही मिटली, ती घाईच झाली. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावीत. गाडी उलट निघाली की नवख्या प्रवाशाला वाटे, ही परत पुण्याला चालली. कॉर्ड लाइन झाल्यावर पुष्कळ गाड्यांचा हा खोळंबा चुकला, पण दौंडकरांना ती गंमत ठाऊक आहे. आनंदची गाडीही अशीच निघाली. मार्च २०१४ मध्ये आव्हानवीरांची स्पर्धा जिंकून तो पुन्हा कार्लसनसमोर बसला; सोचीत पुन्हा हरला; आणि डिसेंबर २०१७ मध्ये, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, रियाधला जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. त्या स्पर्धेत त्याने कार्लसनलाही हरवले.

ही परीक्षा जुलै २०२५ मध्ये आपल्या अगदी घरात आली. जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवले. आपल्याला आनंद झाला, आणि तो व्हावाच. पण समोर हरली ती पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली आणि भारतीय मुलींना ही वाट दाखवणारी हंपी. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले होते. जलद डावांत निकाल लागला. दिव्याचा विजय किती मोठा हे हंपीचा खेळ पाहिल्याशिवाय कळणार कसे? जिच्यावर जय मिळवला तिला विसरणारा चाहता आपल्याच विजेतीचे मोल कमी करतो.

२०१३ च्या त्या सामन्याला चेन्नईत एक सात वर्षांचा प्रेक्षकही होता, दोम्माराजू गुकेश. काचेपलीकडे बसलेल्या दोघांना पाहून, आपणही एक दिवस तेथे बसावे असे त्याला वाटले, हे त्यानेच पुढे सांगितले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून तो जगज्जेता झाला. त्या लहान मुलाने वकिली केली नाही, हिशेबही मांडला नाही. त्याने पट पाहिला.

सगळीच मुले गुकेश होणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. पण दिवाळीच्या सुटीत घरात चार माणसे जमली असता फराळाचे ताट बाजूला सारून पट मांडावा आणि आनंदचा तो नववा डाव पहिल्या खेळीपासून खेळून पाहावा. अठ्ठाविसाव्या खेळीपाशी थांबावे आणि घरातल्या धाकट्याला विचारावे, "आता उंट की घोडा?"