बापाच्या कर्जाचा हिशेब मुलांना कोण सांगणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने १९९५पासून शेतकरी आत्महत्यांची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून देशभरात तीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिला, आणि त्यात विदर्भ-मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगरसारख्या वस्त्यांमध्ये गावाकडची शेती सुटल्यामुळे आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांना आत्महत्येची बातमी वर्तमानपत्रातून नव्हे, मामाची किंवा चुलत्याची म्हणून कळते. ती समजून घ्यायला मराठीने या मुलांना काय दिले? चित्रपटाने बरेच दिले, बालसाहित्याने फार थोडे. शेतकऱ्याच्या मुलाची कणव आपल्या बालसाहित्यात भरपूर आहे. त्याच्या घरावर ही वेळ कशामुळे आली, हा हिशेब मात्र नाही.

मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) हा चित्रपट तो हिशेब मांडतो. टिंग्या या शेतकऱ्याच्या मुलाचा लाडका चितंग्या बैल जायबंदी होतो, नांगरट खोळंबते, आणि हा बैल विकल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. बाप निर्दय नाही, हे प्रेक्षक मुलाला कळते, कारण बापाची कोंडी त्याच्यासमोर पैशापैशाने उलगडत जाते. शेजारच्या आजारी आजीला औषधपाणी आणि बैलाला मात्र खाटीक, हे असे का, हा टिंग्याचा प्रश्न म्हणूनच नुसता भाबडा राहत नाही. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) शेजाऱ्याच्या आत्महत्येनंतर धास्तावलेली शेतकऱ्याची बायको अलका आपल्या लहानग्या दिनूला बापावर नजर ठेवायला सांगते. बापाला जपण्याचे काम पोराच्या गळ्यात पडते, हे या शोकांतिकेचे सर्वांत अचूक चित्र आहे. मकरंद माने यांच्या ‘रिंगण’मध्ये देवाघरी गेलेली आई पंढरपुरात सापडेल या आशेने लहानगा अभिमन्यू बापाबरोबर फिरतो. बाप-लेकाचे नाते त्यात हृद्य उतरले आहे. पण वाट पंढरीला लागली की बापाची गहाण जमीन मागे पडते आणि अडचणीला श्रद्धेचे उत्तर मिळते. मला ती उणीव वाटते.

मुलांना मृत्यू दाखवू नये, अनुकरणाचा धोका असतो, हा आक्षेप गंभीर आहे. आत्महत्येची पद्धत वर्णू नये, तिला उपाय म्हणून रंगवू नये, हे पथ्य लेखकाने पाळलेच पाहिजे. पण त्यासाठी गप्प बसायची गरज नाही. न सांगितलेल्या गोष्टीचा दोष मूल स्वतःकडे घेते, आपल्या फीमुळेच कर्ज झाले असे धरून बसते. त्याला कारणे सांगणे हाच आधार असतो. ‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकाच्या शेवटी बॉम्बहल्ल्यात शाळा जळते आणि ते पुस्तक आपण मराठी मुलांच्या हाती विश्वासाने देतो. हिरोशिमावरील अणुबॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या केइजी नाकाझावा यांनी १९७३पासून ‘बेअरफूट गेन’ ही चित्रकथा मुलांच्याच साप्ताहिकात लिहिली. तिच्यात बॉम्बइतकीच भूक आहे, युद्धाला विरोध करणाऱ्या बापाचा शेजाऱ्यांनी केलेला छळ आहे. २०२३मध्ये हिरोशिमाच्या शालेय साहित्यातून ती वगळली गेली तेव्हा जपानमध्ये वाद पेटला. असा वाद व्हावा असे पुस्तकच आपल्याकडे अजून नाही. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी आहे, पण ती प्रौढांसाठी.

पडद्यावरचा हिशेब डोळ्यांसमोरून निघून जातो. पुस्तकात मुलाला पान उलटून मागे जाता येते. बियाण्याची उधारी, बँक नाही म्हणाल्यावर गाठलेला सावकार, कोरडी गेलेली बोअर, बाजार समितीतला भाव हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला कळण्याबाहेरचे नाही. आणि गोष्ट बापाच्या मरणापाशी थांबू नये. सातबाऱ्यावर आईचे नाव लागायला तलाठ्याकडे किती खेपा होतात, देणे कोणाच्या माथी येते, मोठ्या बहिणीची शाळा सुटते की टिकते, इथून पुढे ती लिहिली जायला हवी.