जागरणाची भाषा

पवित्र गुरुवारच्या रात्री आपल्या मंदिरांतून होणाऱ्या जागरणाच्या भक्तिभावाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याच्या वाङ्मयाविषयी क्वचितच. वास्तविक रात्रभर भाविकांच्या कानांवर पडते ते वाङ्मयच, आणि ते त्याच कसोटीवर तपासले पाहिजे.

रत्नागिरीच्या माणसाला जागरण शिकवावे लागत नाही. नमन-खेळ्यांना तो उजाडेपर्यंत बसतो. तोच आराधनेच्या वेळी अकराच्या सुमारास पेंगू लागला, तर त्याच्या श्रद्धेला दोष देणे सोपे आहे. मला दोष पुस्तिकेत दिसतो. तिच्यातील बहुतेक प्रार्थना भाषांतरित. एका वाक्यात चार उपवाक्ये, आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता विस्मृतीत गेलेला. ‘पवित्र तास’ हा शब्दच पाहा. ही भक्ती सतराव्या शतकात फ्रान्समधील संत मार्गारेट मेरी हिच्यापासून रूढ झाली. आमची रात्र प्रहरांनी मोजली जाई, हे भाषांतरकाराच्या ध्यानीही आले नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी मात्र इथला कान ओळखला होता. जन्माने इंग्रज असलेल्या या येशूसंघीयाने १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ओवी निवडली, एकदोन नव्हे, सुमारे अकरा हजार ओव्या. ओवी ही मुळात ऐकण्यासाठी. तीन चरण यमकाने पुढे नेतात, चौथा आखूड चरण थांबवतो, आणि त्या थांब्यात अर्थ मनात उतरतो. प्रभूचे दुःखसहन ओवीतून ऐकणारा गेथशेमाने बागेत पोहोचतो. पुस्तिका ऐकणाऱ्याला बागेविषयीचे विवेचन मिळते. जुनी शब्दकळा आज अडते, हे मान्य. तेव्हा निवडक ओव्या अर्थ सांगत वाचाव्यात. याच जिल्ह्यात करजगावी १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड टिळक प्रॉटेस्टंट होते, एवढ्यासाठी त्यांच्या कीर्तनपरंपरेला आपण दूर का ठेवावे, हेही मला उमगत नाही.

परंतु ओव्यांनीदेखील सारी रात्र भरू नये. १९८८ साली रोमहून निघालेल्या परिपत्रकात योहानाच्या शुभवर्तमानातील १३ ते १७ या अध्यायांमधून वाचन सुचविले आहे. मध्यरात्रीनंतरची आराधना मात्र बाह्य थाटाविना करावी, कारण तेव्हा प्रभूच्या दुःखसहनाचा दिवस उजाडलेला असतो. आपल्याकडे नेमका बारानंतर ध्वनिक्षेपकाला जोर चढतो, कारण प्रत्येक मंडळाला आपल्या पाळीत आपले गीत म्हणायचे असते. बागेत पेत्र, याकोब, योहान झोपी गेले होते. आम्ही जागे राहतो, पण प्रभूला ऐकत नाही.

बाराच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करावा, दिवे मंद करावेत. त्यानंतर कोणी पेंगलाच, तर त्याला पेंगू द्यावे.