नाव आधी की सूर?

मंडळी, आज चेंबूरमध्ये रॉकबद्दल बोलायचंय, पण प्रश्न जुनाच आहे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. मग ‘रथ’ हे नुसतं नाव झालं.

आता मुंबईचा ‘रॉक मशीन’ हा बँड घ्या. सुरुवात १९८४ची. १९८८चा पहिला अल्बम ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. म्हणजे बंडखोर; पण बंड कोणाविरुद्ध? तो आव उसना होता. १९९०चा ‘द सेकंड कमिंग’ हा माझ्या मते संक्रमणाचा अल्बम. त्यातल्या ‘प्रिटी चाइल्ड’मध्ये मिरवणं गळून पडतं, सांगणं उरतं. १९९३मध्ये बँड ‘इंडस क्रीड’ झाला आणि त्याच वर्षी या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला, तोही नव्या नावाने.

लोक म्हणतात, नाव बदललं आणि बँड भारतीय झाला. मला उलटं वाटतं. आधी सूर बदलला, पाटी नंतर. १९९५मध्ये ‘इंडस क्रीड’ नावाचा अल्बम आला, त्याच वर्षी आपल्या शहराचंही ‘बॉम्बे’ जाऊन अधिकृत ‘मुंबई’ झालं. तिथे पाटीबरोबर आणखी काय बदललं, हे आपण विचारलं का? घरी जाऊन पहिले दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका, मग खुशाल माझ्याशी भांडायला या.