महानगर

सत्यजित राय (१९२१–९२) यांनी दिग्दर्शित केलेला बंगाली चित्रपट (१९६३). नरेंद्रनाथ मित्र (१९१६–७५) यांच्या ‘अवतरणिका’ या कथेवर तो आधारलेला असून पटकथा व संगीत राय यांचेच आहे. निर्माते आर. डी. बन्सल, छायालेखन सुब्रत मित्र, कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त व संकलन दुलाल दत्त यांचे. माधवी मुखर्जी (आरती), अनिल चटर्जी (आरतीचा पती सुब्रत मुजुमदार), हरेन चटर्जी (सासरे प्रियगोपाल), हराधन बंदोपाध्याय (व्यवस्थापक हिमांशू मुखर्जी), व्हिकी रेडवूड (ईडिथ) आणि जया भादुरी (नणंद बानी) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. १९६४ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात राय यांना या चित्रपटासाठी उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले.

कथानक १९५० नंतरच्या काही वर्षांतील कलकत्त्यात (आता कोलकाता) घडते. फाळणीमुळे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचा भार या शहरावर पडला होता. त्याच सुमारास बंगालमधील अनेक लहान बँका बुडाल्या; १९५० मध्ये चार बँकांचे एकीकरण करून ‘युनायटेड बँक ऑफ इंडिया’ स्थापन करावी लागली, ती याच परिस्थितीत. सुब्रत हा एका बँकेतील नोकर असून वृद्ध आईवडील, पत्नी, लहान मुलगा आणि शाळेत जाणारी बहीण यांचा प्रपंच त्याच्या एकट्याच्या पगारात भागत नाही. नाइलाजाने आरती घराबाहेर पडते आणि विणकामाची यंत्रे घरोघर जाऊन विकण्याची नोकरी पतकरते. ती त्या कामात यशस्वी होते, आणि घरातील खरा ताण तेथूनच सुरू होतो.

शहरी जीवनाच्या दडपणाविषयीच्या चित्रपटांत रस्त्यावरील गर्दी, वाहनांचा गोंगाट, यंत्रांची घरघर यांचा भडिमार करण्याचा एक ठरीव प्रघात आहे. महानगर मध्ये तो जवळजवळ नाही. आरंभीच्या श्रेयनामावलीमागे ट्रामच्या टपावरील, तारेला घासत जाणारा दांडा आणि त्यातून अधूनमधून उडणाऱ्या ठिणग्या दिसतात. तेवढ्यावर शहराची ओळख संपते आणि कॅमेरा घरात शिरतो. पुढील बराचसा चित्रपट लहानशा खोल्यांत घडतो. या खोल्यांची मांडणी बन्सी चंद्रगुप्त यांनी अशी केली आहे, की एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत ऐकू गेल्याशिवाय राहू नये. पतिपत्नी हलक्या आवाजात बोलतात, सासरे पलीकडे शब्दकोडे सोडवत असतात, नणंद अभ्यास करीत असते. सुब्रत मित्र यांनी अपराजित (१९५६) पासून वापरलेली परावर्तित प्रकाशाची पद्धती येथे विशेष उपयोगी पडली आहे. भिंतींवर कृत्रिम सावल्या पडत नाहीत आणि दिवसाचा प्रहर सहज ओळखू येतो. कोणी वाईट नसले, तरी कोणालाही एकांत नसणे हेच येथील दडपण आहे. (मुंबईच्या संदर्भात हाच विषय राजा ठाकूर यांच्या मुंबईचा जावई (१९७०) या मराठी चित्रपटात विनोदी अंगाने आला. त्यावरून निघालेल्या पिया का घर (१९७२) या हिंदी चित्रपटातील नववधू जया भादुरी यांनीच रंगविली, हा योगायोग लक्षणीय आहे. मात्र तेथे प्रश्न जागेपुरता राहतो. येथे तो मानापर्यंत पोहोचतो.)

पैशाच्या टंचाईपेक्षा पैसा कोणी आणावा, या प्रश्नाने माणसे अधिक पोळली जातात, हे या चित्रपटाचे मर्म होय. सासरे प्रियगोपाल हे निवृत्त शिक्षक. सुनेच्या मिळकतीचा त्यांना कमीपणा वाटतो. पण स्वतःच्या चष्म्यासाठी जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी जाण्यात ते गुरुदक्षिणेचा अर्थ शोधतात. डॉक्टर, वकील झालेले हे विद्यार्थी आदराने वागतात, हातावर काही ठेवतात, आणि त्या आदरातच भिक्षेची छटा येते. अखेर एका विद्यार्थ्याच्या घरी जाताना ते कोसळतात. जुन्या शिक्षकी प्रतिष्ठेचा हा ऱ्हास राय यांनी कोणताही आक्रोश न करता दाखविला आहे. हरेन चटर्जी यांचा अभिनय त्याला साजेसा आहे. त्यातील हट्ट आणि लाचारी यांत रेषा ओढणे कठीण जाते.

सुब्रतची व्यथा अधिक गुंतागुंतीची आहे. आरतीने नोकरी करावी, ही मूळ सूचना त्याच्याकडूनच आलेली असते. परंतु तिचा पहिला पगार हाती येतो आणि आरशासमोर उभी राहून ती कोऱ्या नोटा न्याहाळते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद केवळ घरखर्चाचा नसतो. माधवी मुखर्जी यांच्या अभिनयातील हा क्षण चित्रपटाचा कळस मानावा लागेल. ईडिथ या अँग्लो-इंडियन सहकारिणीने दिलेली ओठांची लाली तिच्या पिशवीत सापडते, तेव्हा सुब्रतला आपली पत्नी अनोळखी वाटू लागते. तो तिला राजीनामा देण्यास भाग पाडतो. पण त्याच दिवशी त्याची बँक बुडते आणि राजीनामा देऊ नये म्हणून त्याला घाईघाईने तिला दूरध्वनी करावा लागतो. हा योगायोग कथेच्या सोयीचा आहे, हे नाकारता येत नाही. तथापि त्यातून जो उपरोध साधला जातो, त्यापुढे ही उणीव क्षम्य ठरते. तिने घरी बसावे, हा हुकूम आणि तिने घरी बसू नये, ही विनवणी एकाच माणसाच्या तोंडून एकाच दिवशी बाहेर पडते. पुढे उपाहारगृहात वर्तमानपत्राआड बसून सुब्रत पत्नीचे एका परिचिताशी चाललेले बोलणे ऐकतो. ती आपल्या बेकार पतीची मोठी बढाई मारत असते. संशयाने ऐकायला बसलेल्या माणसाच्या पदरी तिची निष्ठाच पडते, आणि ती त्याला अधिक लागते.

चित्रपटाचा शेवट बराच चर्चिला गेला आहे. ईडिथ आजारपणामुळे कामावर येऊ शकत नाही. हिमांशू मुखर्जी तिच्या चारित्र्याविषयी हीन शंका घेऊन तिला काढून टाकतो. आरती त्याच्याकडे क्षमायाचनेची मागणी करते आणि ती नाकारली जाताच पूर्वी न दिलेला राजीनामा आता देते. घरात दुसरी मिळकत नसताना असे करणे अव्यवहार्य आहे, आणि त्यानंतर पतिपत्नीची दिलजमाई फार लवकर होते, असा आक्षेप घेतला जातो. दुसरा भाग रास्त आहे. सुब्रतचे मन वळण्यास चित्रपट पुरेसा अवधी देत नाही. पहिला आक्षेप मात्र एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड करतो. हिमांशू हा दुष्ट मालक नाही. तो आरतीशी सौजन्याने वागतो, आणि सुब्रत आपल्याच भागातला म्हणून त्याला काम मिळवून देण्याचे आश्वासन देतो. अनोळखी महानगरात गावकी आणि भाषा यांच्या धाग्याने माणसे एकमेकांना सावरतात, हे खरे. पण ज्या धाग्याने सुब्रतला आत घेतले जाते, त्याच धाग्याने ईडिथ बाहेर राहते. आरतीने दिलेला नकार या आपलेपणाला आहे. त्यामुळे तिचा राजीनामा भावनेच्या भरातील कृती न राहता, पतीला मिळू घातलेल्या नोकरीवरही सोडलेले पाणी ठरते. ईडिथची व्यक्तिरेखा मात्र पुरेशी भरलेली नाही. तिच्या घराचे, भाषेचे, एकाकीपणाचे दर्शन ओझरते घडते, आणि जिच्यासाठी एवढा त्याग होतो ती प्रेक्षकापासून दूरच राहते.

राय यांनी पुढे प्रतिद्वंद्वी (१९७०), सीमाबद्ध (१९७१) व जनअरण्य (१९७६) या चित्रपटांत कलकत्त्याचे अधिक कठोर चित्र रेखाटले. जनअरण्य मधील तरुणाला धंद्यात टिकण्यासाठी ज्या तडजोडीला सामोरे जावे लागते, ती पाहिली, की महानगर मधील विश्वास एका संपत आलेल्या काळाचा वाटतो. तेथे नकार देण्याची जागाच उरलेली नाही. तरीही या उत्तरकालीन चित्रपटांपेक्षा महानगर मध्ये कुटुंबाचे चित्रण अधिक सूक्ष्म आहे, कारण शहराचे दडपण नोकरीच्या बाजारात नव्हे, तर जेवणाच्या पानांभोवती मोजले गेले आहे. शेवटच्या दृश्यात दोघे कचेऱ्या सुटल्यानंतरच्या गर्दीत मिसळून दिसेनासे होतात आणि कॅमेरा वर रस्त्यावरील दिव्याकडे जातो. त्या दिव्याच्या दोन गोळ्यांपैकी एकच पेटलेली असते.