एक संहिता, अनेक रूपे

अभिकल्पाचे पाठ देणाऱ्या नव्या संकेतस्थळाभोवती समुदाय कसा जमतो, याचा विचार करताना डेव्ह शे यांनी मे २००३ मध्ये सुरू केलेले ‘सीएसएस झेन गार्डन’ वगळता येत नाही. संहिता, म्हणजे एचटीएमएलची फाइल, सर्वांना एकच. तिला हात न लावता प्रत्येकाने केवळ आपली शैलीपत्रिका व चित्रे पाठवावयाची. आपल्याकडील समस्यापूर्तीशी या रीतीचे नाते उघड आहे. चरण ठरलेला असतो म्हणूनच कवीकवींतील भेद डोळ्यांत भरतो. येथे वाचक शिकला तो उपदेशाने नव्हे, तर एकाच मजकुराची दोन रूपे शेजारी ठेवून. आणि असा शिकलेला वाचकच पुढे रचनाकार झाला. २०० हून अधिक रचना स्वीकारल्या गेल्या त्या या क्रमाने. केवळ वर्दळ मोजणाऱ्यांच्या ध्यानात तो सहसा येत नाही.

एक दोष मात्र गंभीर होय. अनेक रचनांत मथळ्यांचे शब्द लपवून त्यांच्या जागी अक्षरांची चित्रे बसविलेली होती. अशा काही पद्धतींत तो मजकूर अंध वाचकांच्या वाचनयंत्रांनाही पारखा झाला. रूप आशयाहून वेगळे ठेवता येते, हे सिद्ध करण्यासाठी मांडलेल्या प्रयोगात आशयच झाकला जावा, ही विसंगती क्षुल्लक नव्हे. शे यांनी या पद्धतींची तुलनात्मक चिकित्सा स्वतःच प्रसिद्ध केली. तथापि वेब-फाँट रूढ होईपर्यंत हा पेच पुरता सुटला नाही.